सात नंबरला काय दिसतं

तो दिवा बंद कर आधी. नाही, घाबरवायला नाही म्हणत, किडे येतात. आणि मामा थापा मारतो हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. मागच्या सुट्टीत लिफ्टमधल्या बाईची गोष्ट सांगितली होती ना, ती मी दाढी करता करता रचली होती. कबूल.

ही मात्र माझी नाही. ही माझ्या मित्राची, भिंग्याची आहे, आणि भिंग्याला थाप मारता येत नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण ‘भाजी छान झालीय’ एवढं साधं खोटं त्याला अजून बायकोशी जमलेलं नाही. दर वेळी पकडला जातो.

त्याचं दुकान जिन्याखाली आहे. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेरच घेऊन यायचा. कॅमेरे, सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, जिथं काच आहे ते सगळं तो दुरुस्त करतो. म्हणून भिंग्या. खरं नाव त्याच्या बँकेला माहीत असेल.

तर मागचा नोव्हेंबर. शेवटचा गुरुवार. अमावास्या आदल्याच रात्री होऊन गेलेली, आकाश काळं कुळकुळीत. संध्याकाळी सात वाजता भिंग्या दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात फोन आला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. चौतीस वर्षं पोस्टमनची नोकरी करून निवृत्त झालेले. आपण त्यांना पोस्टमनकाका म्हणू.

“दुर्बीण बिघडलीय हो,” काका म्हणाले. “सात नंबर लावला की शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करते.”

“मग टाकीत काय दिसतं?” भिंग्या म्हणाला. विनोद करायची त्याला हौस आहे, जमत नाही.

“शेवाळ,” काका म्हणाले. “पण स्पष्ट दिसतं. दुर्बीण चांगली आहे.”

भिंग्यानं चार प्रश्न विचारले आणि रोग ओळखला. या दुर्बिणी हातानं फिरवायच्या नसतात. नळीच्या खाली मोटर लावलेली मान असते, तिला माउंट म्हणतात. त्या माउंटला वायरीनं जोडलेला टीव्हीच्या रिमोटएवढा डबा म्हणजे हँड कंट्रोलर. डब्यावर आकडा दाबायचा, की मान आपोआप वळते आणि तो तारा नळीत आणून उभा करते. पण आकाश रात्रभर फिरत असतं, म्हणून डब्याला आजची तारीख आणि वेळ बरोबर माहीत असावी लागते. काकांच्या डब्याचं डोकं फिरलं होतं. गेल्या आठवड्यापासून तो वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होता. डबा जुना, त्याच्या आतली फर्मवेअर जुनी. कंपनीनं नवी काढलेली होती, ती लॅपटॉपवरून केबलनं भरायची. अर्ध्या तासाचं काम.

“फर्मवेअर म्हणजे अ‍ॅप ना, मामा?”

अ‍ॅप म्हणजे माणसानं शिकलेली गाणी. फर्मवेअर म्हणजे चालायचं कसं, बोलायचं कसं, हे. जुनं पुसून नवं भरतात. आणि पुसून हा शब्द मी उगाच नाही वापरला, तेव्हा मध्ये बोलू नकोस.

आता भिंग्याचा एक नेम ऐका. या डब्यात एक कोपरा असतो, मालकानं स्वतः शोधलेल्या जागा साठवण्यासाठी. अपडेट करताना तो कोपराही धुऊन निघतो. म्हणून भिंग्या आधी त्यातलं सगळं वहीत उतरवून घेतो आणि मगच केबल लावतो. अठरा वर्षांचा नेम. आणि अठरा वर्षांत त्या कोपऱ्यात त्याला काय सापडलं? शून्य. लोक चंद्र बघतात, गुरू बघतात, समोरच्या इमारतीत बघतात. स्वतः शोधायला जातो कोण?

नऊला पाच मिनिटं कमी असताना तो काकांच्या घरी पोचला. दोन मजले चढून गच्चीवर. एका टोकाला सिमेंटचा कंबरेएवढा खांब, त्यावर दुर्बीण. तिच्यावरचं प्लास्टिकचं आवरण चादरीसारखी चौघडी घालून बाजूला ठेवलेलं. कठड्याशी एक खुर्ची. काका कानटोपी घालून उभे होते, हातात टॉर्च, टॉर्चच्या तोंडाला लाल कागद बांधलेला.

“लाल उजेडानं डोळ्यांना त्रास होत नाही,” ते म्हणाले. “असं मुलगी सांगायची.”

भिंग्यानं मान हलवली आणि लॅपटॉप उघडला. बॅटरी एकोणीस टक्के. चार्जर दुकानात राहिलेला.

इथं तो चुकला. अपडेट मध्येच थांबलं की डबा कायमचा मरतो. बॅटरी अशी. त्या कोपऱ्यातली यादी लॅपटॉपवर एकेक ओळ पुढे सरकवत वाचायची तर वीस मिनिटं जाणार. आणि कोण भरतंय तिथं काही? तो स्वतःशीच म्हणाला, आजच्या दिवस राहू दे. केबल लावली. नऊ वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं.

पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. पंधरा.

“काही जात नाही ना यात?” काकांनी विचारलं.

“छे हो. काय जायचंय.”

“नाही, म्हटलं विचारावं.” काका खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. “झालं की आधी सात लावतो. आठवडा झाला, सात बघितला नाही.”

“सात म्हणजे कुठला तारा?”

“ते मला कुठं माहीत. तिनं भरून ठेवलेत. बावीस आहेत.”

भिंग्याचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला.

“मला आकाशातलं काही कळत नाही,” काका सांगत होते. “मला पत्ते कळतात. म्हणून तिनं मला आकडे करून दिले. म्हणाली, बाबा, नावं सोडा. हे बटण, मग आकडा, मग हिरवं बटण. बाकी कशाला हात लावायचा नाही. रोज रात्री एकेक लावतो. तिनं बघितलेलं बघतो. तेवढाच आमचा दोघांचा वेळ.”

“आणि ती...”

“दोन वर्षं झाली. याच महिन्यात.”

अडतीस टक्के. चाळीस.

केबल ओढून काही उपयोग नव्हता. पुसायचं काम पहिल्याच मिनिटात होतं, नंतर फक्त भरणं चालतं. हे भिंग्याला माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं. दोघं शेजारी उभं राहून ती पट्टी बघत होते. काका कौतुकानं बघत होते.

“वहीत वगैरे लिहून ठेवलं असेल ना तिनं?” भिंग्यानं विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

“वही कशाला? म्हणायची, सगळं यात आहे, बाबा.”

शंभर टक्के. डबा एकदा चमकला. तारीख बरोबर आली, वेळ बरोबर आली. भिंग्यानं तो कोपरा उघडला. जागा: शून्य.

काका म्हणाले, “चहा आणतो. तोवर तुम्ही आवरा.” आणि खाली गेले.

मी भिंग्याला विचारलं होतं, तेव्हाच पळून का नाही आलास? तो म्हणाला, जिना एकच होता.

त्यानं काय केलं असेल? आयुष्यातली पहिली थाप मारायचं ठरवलं. सात नंबरवर त्यानं शनी भरला. कडी असलेला शनी. बघणारा माणूस हरखून जातो, बाकी सगळं विसरतो. काका दोन कप घेऊन वर आले, कप कठड्यावर ठेवले, बटण, सात, हिरवं बटण. मान वळली, थांबली. काका वाकले.

बराच वेळ वाकून होते.

“छान आहे,” ते म्हणाले. मग सरळ झाले. “पण हा सात नाही.”

भिंग्या उगाच केबल गुंडाळायला लागला.

“तिच्या सातमध्ये असं काही दिसत नाही. अंधार असतो. मध्ये नुसता पुसट डाग. आहे की नाही, तेही कळत नाही. मी रोज विचारायचो, काय आहे तिथं? ती म्हणायची, बघत राहा, दिसेल.” काकांनी डबा खाली ठेवला. “मला अजून दिसलेलं नाही.”

तेव्हा भिंग्यानं सांगितलं. सगळं. वहीत उतरवायचा नेम, एकोणीस टक्के, शनी. काही लपवलं नाही.

“परत भरता येतील?”

“जागा माहीत असतील तर येतील. नाहीतर आकाशात कुठं शोधणार, काका? ढिगानं डाग आहेत तिथं.”

काका चिडले असते तर बरं झालं असतं, भिंग्या म्हणतो. ते खुर्चीत बसले. नळी तशीच, शनीकडे तोंड करून.

“तुम्ही मुद्दाम नाही केलं,” काका म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी तिच्यापाशीच होतो. संध्याकाळी म्हणाली, बाबा, आज आकाश स्वच्छ आहे, घरी जा. सात लावा. तुम्ही तिथून बघा, मी खिडकीतून बघते. मी म्हटलं, उद्या बघू. तर रुसली. म्हणून आलो. इथं उभा राहून सात बघत होतो, तेव्हा फोन वाजला.” त्यांनी कानटोपी नीट केली. “मी तिच्याजवळ नव्हतो. सातमध्ये होतो. म्हणून तो लागतो मला.”

चहावर साय आली. कुणी कप उचलला नाही.

भिंग्यानं सामान आवरायला घेतलं. दुसरं काय करणार. डब्याची वायर माउंटमधून उपटली. डब्याचा पडदा विझला. वायर गुंडाळून डबा त्यानं हातात धरला. लॅपटॉप मघाशीच बंद पडला होता. दहा वाजून वीस मिनिटं.

आणि मोटर सुरू झाली.

ए, पाय वर घे. काही नाही, पाय वर घे.

घूं... असा तो आवाज. बारीक. डबा भिंग्याच्या हातात. विझलेला. वायर गुंडाळलेली. आणि मान वळतेय. सावकाश. पूर्वेकडे. थांबली.

दोघंही हलले नाहीत.

मग काका उठले. वाकले. डोळा लावला.

“एक,” ते म्हणाले. “हा एक नंबर. दोन तारे. एक पिवळा, एक निळसर. हाच.”

मोटर थांबलेली. सगळं शांत. खाली रस्त्यावर एक कुत्रं चाललं होतं, त्याच्या नखांचा आवाज येत होता, एवढं शांत. भिंग्याला वाटलं, कुणीतरी वाट बघतंय. त्याची.

माउंटवर दोन कड्या असतात, त्यांवर बारीक अंश कोरलेले. डबा नव्हता तेव्हा लोक त्यांवरूनच तारे शोधायचे. भिंग्यानं खिशातली वही काढली. लाल टॉर्च धरला. कड्यांवरचे दोन्ही आकडे लिहिले. बाजूला वेळ लिहिली.

पेन्सिल उचलली.

घूं...

“दोन,” काका म्हणाले.

लिहिलं. पेन्सिल उचलली. घूं...

“तीन.”

लिहून होईपर्यंत नळी हलत नव्हती. एकदा पेन्सिलीचं टोक मोडलं. भिंग्या ब्लेड शोधत राहिला, दोन-तीन मिनिटं. नळी थांबून राहिली. काही जागा तर अजून उगवल्याही नव्हत्या, तेव्हा ती कठड्याच्या विटांकडे तोंड करून थांबायची. काका तिथंही डोळा लावायचे. तिथंही आकडा म्हणायचे.

सातला काका वाकले. आकडा म्हणाले नाहीत.

भिंग्यानं आकडे लिहिले. पेन्सिल उचलली. नळी... नाही हलली. पाच मिनिटं. दहा. काकांचा एक हात खांबावर होता. दुसरा हात मागे, अंधारात, थोडा उघडा. लहान पोरानं येऊन बोट धरावं म्हणून ठेवतात ना, तसा.

भिंग्यानं तिकडे टॉर्च नेला नाही. मला म्हणाला, माझी हिंमत झाली नाही.

मग हळूच... घूं.

“आठ,” काका म्हणाले.

बावीस झाले तेव्हा पावणेदोन वाजले होते. वहीची चार पानं भरली. काकांचे गुडघे गेलेले. कसेबसे कठड्यापर्यंत आले आणि खुर्चीत बसले. भिंग्या खांबाजवळ, वही छातीशी धरून. संपलं, असं दोघांनाही वाटलं.

घूं...

“बावीसच आहेत,” काका हळू म्हणाले.

नळी खाली येत होती. आकाशातून खाली. इमारतींच्या रेषेखाली. कठड्याखाली. आणि आत वळत होती. गच्चीत.

भिंग्या बाजूला सरकला.

नळी फिरत आली... आणि थांबली. तिचं मोठं काळं भिंग खुर्चीकडे. सरळ काकांच्या चेहऱ्यावर.

मागे डोळा लावायच्या जागी कुणी नव्हतं. भिंग्या शपथेवर सांगतो. कुणी नव्हतं.

काका बघत राहिले. मग त्यांनी कानटोपी काढली. हातानं केस बसवले. स्वेटरचं वरचं बटण लावलं. आणि ताठ बसले.

...

किती वेळ, ते भिंग्याला सांगता येत नाही. कधीतरी माउंटवरचा लहान लाल दिवा विझला. वीज होती, जिन्यातला बल्ब जळत होता. फक्त तो दिवा विझला. तेव्हा भिंग्यानं वाकून माउंटचं बटण बंद केलं, काकांना हात देऊन खाली नेलं, आणि घरी गेला. झोपला नाही. बायकोला सगळं सांगितलं. तिनं एकदाही त्याला खोट्यात काढलं नाही, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत तो परत गेला. चार्जर घेऊन. वहीतल्या बावीस जागा एकेक करून डब्यात भरल्या. कड्यांवरचे आकडे मोघम असतात, केसभर इकडेतिकडे होणारच. ते अंधार पडल्यावर काकांच्या डोळ्यानं जुळवून घ्यायचं ठरलं. नळी रात्रीसारखीच, खुर्चीकडे तोंड करून होती. दोघांपैकी कुणी तिला हात लावला नव्हता.

सात लावायच्या आधी भिंग्यानं फोकस तपासायला हात पुढे केला. आणि तसाच थांबला.

दुर्बिणीच्या मागच्या टोकाला एक छोटी नळी असते, चाकानं आतबाहेर होणारी. तारे बघायचे तर ती आत घ्यावी लागते. जवळचं बघायचं तर बाहेर काढावी लागते. जितकं जवळ, तितकी बाहेर. रात्री बाविसावा बघून काका उठले, तेव्हा ती आत होती, ताऱ्यांवर. आणि त्या चाकाला मोटर नसते. ते हातानंच फिरवावं लागतं.

आता ती नळी पूर्ण बाहेर होती. शेवटपर्यंत. चाक आणखी फिरत नव्हतं.

भिंग्यानं काकांना सांगितलं. का सांगितलं, त्याला माहीत नाही. खोटं येत नाही म्हणून सांगितलं असेल.

“मग काल मी दिसलो का?” काकांनी विचारलं.

भिंग्या गच्चीकडे बघत राहिला. खांबापासून खुर्ची सात-आठ पावलांवर. “एवढ्या जवळचं यातून स्पष्ट दिसत नाही, काका. ती छोटी नळी संपते. कितीही फिरवली तरी...”

“किती लांब बसलो तर दिसेन?”

“चाळीस फूट तरी.”

गच्ची तीस फुटांची होती. काकांनी खुर्ची उचलली. भिंग्या मदतीला पुढे झाला, तर मानेनंच नको म्हणाले. खुर्ची घेऊन ते गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. खुर्चीचे पाय कठड्याला ठेपले तरी आणखी मागे रेटत राहिले. मग बसले, आणि तिथून म्हणाले,

“आता इकडे वळवा.”